वहिनींचा शुक्रवार

वहिनी, तुम्ही गेल्यावर तुमचं एक व्रत मागे राहिलं आहे, असं घरात ठरलंय. शुक्रवारचं. रात्री खिचडी, भाजलेला पापड, वरून तूप, आणि घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचं. हे व्रत तुम्ही लग्न झाल्यापासून निष्ठेनं केलंत, असंही ठरलंय. तुम्ही हे ऐकलं असतंत तर हसता हसता चष्मा नाकावरून घसरला असता आणि तो सावरत म्हणाला असतात, "भाऊजी, तुम्ही होतात ना तिथे? मग सांगितलं का नाहीत?"

नाही सांगितलं. तेच सांगायला बसलोय. दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही. हे कुठे छापून आलं तरी धोका नाही. मी लिहिलेलं आपल्या घरात कोणी वाचत नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ही गोष्ट माझ्या सोयीची ठरते आहे.

तुमच्या जाण्याचा फ्लेक्स सोसायटीच्या गेटवर लागला होता. त्यावर तुमचा फोटो पासपोर्टच्या मापाचा आणि श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो चांगले ऐसपैस. निवडणुकीला उभं राहायची इच्छा असलेल्या दोघांनी हात जोडले होते, पण ते तुमच्याकडे नाही, शिरगावच्या रस्त्याकडे. नंतर क्लब हाउसमध्ये शोकसभा झाली. सेक्रेटरींनी तुम्हाला "साक्षात अन्नपूर्णा" म्हटलं. या गृहस्थांनी आपल्याकडे मेंटेनन्सच्या पावतीबरोबर पाण्याचा ग्लास सोडून काही घेतल्याचं मला आठवत नाही. मग एक बाई तुमच्या हातच्या चवीवर गहिवरून बोलल्या. मी मागच्या खुर्चीवर बसून कारल्याचा विचार करत होतो. ही अन्नपूर्णा दर आठवड्याला एकदा सगळ्या घराला कारलं खायला लावायची, आणि मीठ लावून पिळायचीसुद्धा नाही. "कडू नको तर कारलं कशाला खायचं? दुधी खा." आपला हा वाद मिटला नाही. मी अजूनही म्हणतो, पिळायला हवं. पण समोरून "दुधी खा" येत नाही, त्यामुळे माझं म्हणणं एकदम बरोबर असल्यासारखं वाटतं, आणि त्यात काही मजा नाही.

सभेत कोणी तुमच्या रविवारच्या सकाळबद्दल बोललं नाही. बोलणार कसं? ती आपल्या दोघांचीच होती. पोहे आटपले की तुम्ही लसणाची परडी घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसायचात आणि म्हणायचात, "सोमवार." इथून आठवडा सुरू व्हायचा. दादाला विचारलं तर तो पेपरातून डोकं न काढता म्हणायचा, "काहीही कर." निखिल कॉलेजात गेल्यापासून तेच इंग्रजीत म्हणायला लागला. नवरा आणि मुलगा दोघंही एवढे अल्पसंतुष्ट असलेली बाई सुखी असायला हवी, पण तुम्ही लसणाची पाकळी आपटायचात आणि माझ्याकडे बघायचात.

मी उत्तर द्यायचो. या घरातली माझी ती नोकरी होती. सोमवारी दादाचा उपास सुटतो म्हणून वरण-भात आणि काहीतरी गोड. बुधवारी मासळी, पण त्या दिवशी सूनबाईला, प्राजक्ताला, उशीर असेल तर कोलंबी नको, सोलायला वेळ कुठला, बोंबील बघा. गुरुवारी कांदा-लसूण नाही, म्हणून बुधवारचा कांदा बुधवारीच संपवायचा. मी म्हणायचो, दत्ताला कांद्याचं एवढं काय वावडं आहे, आणि तुम्ही म्हणायचात, "ते दत्ताला विचारा, मला गुरुवारची भाजी सांगा." मध्येच कधी सिंधी कढी यायची. ती तुम्ही आमच्या बहिणीच्या, शकुताईच्या, शेजारणीकडून शिकलात, उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये, आणि घरी आणून तिच्यात इतकी आमसुलं घातलीत की पुढे त्या स्वतः चाखायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "भाभी, कढी बहोत अच्छी है. लेकिन ये हमारी नहीं है, आपकी है." ते तुम्ही कौतुक म्हणून घेतलंत. मी तक्रार म्हणून घेतलं. हाही वाद राहिलाच.

मी लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारणारी माणसं आता उरली नाहीत, त्यामुळे तो विषय आपोआप बंद झाला. तुम्ही लग्न होऊन अंबरनाथच्या घरात आलात तेव्हा मी त्या घरात होतो. पुढे कारखान्याच्या लॅबमध्ये लागलो, स्वतःची जागा घेतली, पण रात्रीचं पान तुमच्याकडेच राहिलं. मला कोणी कधी जेवायला बोलावलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. तुम्ही शिरगावला आलात तेव्हा मीही समोरच्याच बिल्डिंगमध्ये वन आरके घेतला. एजंटनं विचारलं, "साहेब, व्ह्यू बघता का?" मी म्हणालो, "नको, अंतर बघतो."

आता शुक्रवार. अंबरनाथला आपल्या कॉलनीत जांभूळच्या पाणीकेंद्रातून पाणी यायचं आणि शुक्रवारी यायचं नाही. गुरुवारी रात्रीच पिंप, बादल्या, घंगाळं भरून ठेवायची. शुक्रवारी भांडी कमी घासावी लागतील असाच स्वयंपाक. म्हणजे एक कुकर, पापड थेट गॅसवर, लोणचं थेट बरणीतून. खिचडीमागे एवढंच कारण होतं. दादाला ते कधी कळलं नाही, कारण पाणी येतं आणि जातं ही गोष्टच त्याला माहीत नव्हती. तो आंघोळीला जायचा तेव्हा बादली भरलेली असायची. ती आपोआप भरते असा त्याचा बहुतेक आजही समज असेल.

मग एका शुक्रवारी दादाचे साहेब आणि बाईसाहेब मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले, आणि दादानं जोरात आग्रह केला, "जेवूनच जा." स्वयंपाकघरात काय आहे हे न बघता आग्रह करणं हा त्याचा स्वभाव. साहेबांना कंपनीचा बंगला होता, बंगल्यावर स्वतःची टाकी होती. तुम्ही नवीन होतात, मानी होतात. आमच्याकडे आज पाणी नाही, हे त्या बाईंसमोर म्हणणं तुम्हाला जमेना. खिचडीची ताटं मांडलीत आणि सरळ म्हणालात, "माझं शुक्रवारचं व्रत असतं."

"अगंबाई! कुठल्या देवीचं?"

"गावाकडची आहे. तुम्हाला माहीत नसेल."

"नियम काय असतात हो?"

तुम्ही एक क्षण पिंपाकडे बघितलंत. "सगळ्यांनी एकत्र बसायचं. आणि ताटात काही टाकायचं नाही."

बाईसाहेबांनी ताट कपाळाला लावलं आणि दोनदा खिचडी घेतली. दादा आपल्या बायकोकडे नव्या आदरानं बघत होता. मी तोंडात पापड कोंबून खिडकीशी जाऊन उभा राहिलो. पुढच्या शुक्रवारी साहेबांच्या ड्रायव्हरबरोबर देवीसाठी नारळ आला. मी त्या देवीचं नाव जांभळाई ठेवलं, आणि त्या नारळाची तुम्ही वडी केलीत.

ही देवी आपण दोघांनीच पाळली. मी देव मानत नाही, पण हिच्याबद्दल माझी तक्रार नव्हती. हिनं कधी मिरवणूक काढली नाही, वर्गणी मागितली नाही, लाउडस्पीकर लावला नाही. आठवड्यातून एकदा सगळ्यांना जेवायला बसवायची, बस.

शिरगावच्या नव्या बिल्डिंगमध्ये टाकी आली, नळाला दिवसभर पाणी आलं, आणि खिचडी चालूच राहिली. मी एका रविवारी तुम्हाला टोकलं, "वहिनी, आता जांभळाईला निरोप द्या. शुक्रवारी मला भरलं वांगं हवंय."

"राहू दे शुक्रवार."

"का पण? कारण गेलं की कार्य जातं."

तुम्ही लसूण सोलत राहिलात. मग म्हणालात, "पोळ्या असल्या की मी तव्याशी आणि तुम्ही सगळे ताटाशी. गरम हवी ना एकेकाला. खिचडी असली की मी पण ताटाशी."

जे सुचलं ते मी बोललो. "मग रोजच खिचडी करा."

"रोज केली तर पहिले तुम्हीच पळाल."

वाद तिथेच राहिला. मी पळालो नसतो, वहिनी. हे त्या वेळी म्हणायला हवं होतं. पण आपल्याकडे असं काही बोलायची पद्धत नव्हती. आपण भाज्यांवर बोलायचो.

तुम्ही गेल्यावर पहिले काही दिवस शेजारच्यांनी डबे आणले. पिठलं-भात, मुगाची आमटी, कोणाकडून उपमा. सगळे दार हळू वाजवायचे आणि डबा देताना कुजबुजायचे. चौदाव्याला केटररनं गोडाचं जेवण घातलं. बासुंदी होती. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, आटवली नाही, पावडर आहे. मीही तेच म्हणालो, आणि कोणी उलट उत्तर दिलं नाही, म्हणून मी अर्धी वाटी तशीच ठेवली.

त्या दुपारी पाहुणे पांगल्यावर निखिलनं मला गॅलरीत नेलं. पोरगा चांगला आहे. नीट विचार करून बोलला. "काका, असं ठरवलंय की स्वयंपाकाला मावशी लावू. संध्याकाळी येऊन करून जातील. बाबांना साडेसातला भूक लागते, प्राजक्ता ठाण्याहून येईपर्यंत आठ वाजून जातात, माझं तर काही खरं नसतं. जो जेव्हा येईल तेव्हा घेईल वाढून. तुमचा डबा वॉचमनबरोबर पाठवत जाऊ. तुमचा गुडघा दुखतो, उगाच चढ-उतर कशाला?"

"हो हो," मी म्हणालो. "उत्तम."

त्यात वाईट काही नव्हतं. वाईट असतं तर भांडता आलं असतं. तुम्ही होतात तोवर या घरात मी कोण, हा प्रश्न कधी निघाला नव्हता. मी रात्री जेवायला येणारा माणूस होतो. आता जेवण माझ्याकडे येणार होतं.

आत आलो तर शकुताईनं दिवाणखान्यात दरबार भरवला होता. तुम्हाला माहीत आहे ती. भावाच्या घरी आली की तिचा आवाज कॅम्प पाचपर्यंत जातो.

"हे बघ प्राजक्ता, बाकीचं तुम्ही काय मावशी-बिवशी लावायची ती लावा. पण सुमनचा शुक्रवार सोडायचा नाही. सासूचं व्रत सुनेनं धरायचं असतं."

"आत्या, मला यायलाच आठ होतात हो."

"मग खिचडीला काय रात्र लागते? कुकर लावायचा नि बसायचं. आमच्या समोरच्या दादी बघ, गुडघे गेले, डोळे गेले, एक वार सोडला नाही." मग तिनं मला पकडलं. "काय रे विन्या? तू तर रोज गिळायला होतास इथे. वहिनीनं कधी चुकवला का शुक्रवार?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. निखिल म्हणाला, "झालं. आता काकांचं लेक्चर."

लेक्चर तयार होतं. पाणी, पिंप, साहेब, नारळ. व्रतं कशी जन्माला येतात यावर इतका उत्तम दाखला मला उभ्या आयुष्यात मिळाला नसता. शकुताईचा चेहरा बघण्यासारखा झाला असता. मी तोंड उघडलं, आणि दादा दिसला. तो कोपऱ्यात खुर्चीवर बसला होता, हातात तसाच धरलेला पाण्याचा ग्लास. तो ऐकत होता की नाही, कळत नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "कधीच चुकवला नाही."

वाक्य खरं होतं. तेवढ्यावरच थांबलो. मग शकुताई म्हणाली, "आणि नियम आहे, सगळ्यांनी एकत्र बसायचं," आणि दादा पहिल्यांदा बोलला. "हो. ते आहे."

तेव्हापासून असं चाललंय. इतर वारी सव्वासातला वॉचमन डबा आणतो. डब्यात सगळं असतं. पोळ्या, भाजी, वरण, प्राजक्ता आठवणीनं लोणचंही घालते. मावशी चांगलं करतात. डबा टेबलावर उघडायचा, त्याला पुस्तक टेकवायचं आणि जेवायचं. मला वाटायचं, वाचता वाचता जेवणं ही चैन आहे. आता रोज चैन आहे. पण पान उलटायला डावा हात लागतो आणि बोलायला कोणी लागत नाही, आणि जेवण मिनिटांत संपतं. भाजीत मीठ कमी असलं तर मी मीठ घालतो. इतक्या साध्या गोष्टीवर आपण एकेक आठवडा काढलेला आहे.

रविवारी सकाळी मला काम नसतं. एका रविवारी मीच मोठ्यानं म्हणून बघितलं, "सोमवार." खोलीत तो आवाज इतका परका वाटला की रेडिओ लावला.

दादाला फोन करतो. "काय जेवलास?" असं विचारलं की त्याला आठवावं लागतं. "भाजी होती," म्हणतो. कसली, ते सांगता येत नाही. तुम्ही केलेलं तरी त्याला कुठे सांगता यायचं, पण तेव्हा तो "छान होती" म्हणायचा.

शुक्रवारी मात्र मी दाढी करतो. स्वच्छ शर्ट घालतो आणि जिने उतरून, चढून तुमच्याकडे जातो. पहिल्या शुक्रवारी खिचडी तळाला लागली होती. ताटात कोणी काही टाकलं नाही. तुमच्या खुर्चीवर कोणी बसलं नाही, आणि बसलं नाही हे सगळ्यांना दिसत होतं. दुसऱ्या की तिसऱ्या शुक्रवारी निखिलला उशीर झाला, तर दादानं त्याला फोन केला. दादानं, स्वतःहून. "शुक्रवार आहे," एवढंच म्हणाला आणि ठेवला. निखिल आल्यावरच ताटं घेतली. त्या रात्री दादा कंपनीतली एक जुनी गोष्ट सांगत होता. मधेच चुकला, आणि ती दुरुस्त करून घ्यायला तुमच्या खुर्चीकडे वळला. मग ती मी दुरुस्त केली.

गेल्या शुक्रवारी प्राजक्ता दारातून आली ती थेट कुकरकडे गेली. ऑफिसची बॅग खुर्चीवरच, पायात चप्पल. मी बघत होतो. व्रत खोटं होतं तरी दमणं खरं होतं. ताटं वाढून ती बसली, आणि चौघं जेवायला लागल्यावर म्हणाली, "काका, एक विचारायचं होतं. आत्यांचा फोन आला होता. म्हणत होत्या, आईंच्या व्रताचं उद्यापन राहिलंय का बघा. व्रत घेतलं की उद्यापन असतंच म्हणे. सवाष्णी जेवायला घालायच्या, ओटी भरायची. ते केलं की मग पूर्ण झालं." तिनं पापड मोडला. "मग पुढे व्रत नाही केलं तरी चालतं. असतं का तसं? तुम्हाला माहीत असेल. आई सगळं तुम्हालाच सांगायच्या."

निखिल मान खाली घालून जेवत होता. दादानं घास हातात धरला होता.

मी आयुष्यभर अशा गोष्टींवर हसलो. कोण ठरवतं हे नियम, कुठल्या पोथीत लिहिलंय, असं मी भर मांडवात विचारलेलं आहे. आता नियम माझ्याकडेच मागितला होता, आणि पोथी नव्हती.

"नाही," मी म्हणालो. "याला उद्यापन नसतं."

प्राजक्तानं माझ्याकडे बघितलं. तिची नजर जरा जास्तच वेळ टिकली. मग तिनं खुर्चीवरच्या बॅगेकडे बघितलं. ते मला सोसेना.

"पण एक नियम पाळायचा राहून गेलाय," मी म्हणालो. "खिचडी खरं तर दिरानं लावायची असते."

निखिलनं मान वर केली. "काय सांगता काका?"

"तसंच आहे. दीर आळशी निघाला म्हणून इतकी वर्षं ती स्वतः लावत होती. सुनेनं लावायची असं कुठेच नाही."

"दिरानं?" प्राजक्ता म्हणाली. ती आता हसू दाबत होती. "आणि दिरानं लावली तर चालते?"

"तरच चालते."

दादानं घास खाली ठेवला. "हे मला कधी सांगितलं नाही तिनं," तो म्हणाला. मग ताटाकडे बघत, "मग पुढच्या शुक्रवारी जरा लवकर ये. मीही बसतो स्वयंपाकघरात."

तर वहिनी, हे असं झालंय. आपल्या देवीला मी आणखी एक नियम जोडला. तुम्ही रागावणार नाही, हे मला माहीत आहे. उद्या शुक्रवार आहे. आठवड्यातल्या कुठल्या वारी काय करायचं, हे मी तुम्हाला इतकी वर्षं सांगत आलो. तांदळाला डाळ किती घ्यायची, हे मात्र कधी विचारलंच नाही.